पापण्यांवरचे डोळे

३ ऑगस्ट

स्पर्धेच्या नियमावलीत सातव्या क्रमांकावर लिहिलंय की प्रत्येक स्पर्धकाने कामाची वही ठेवावी. तारीख, साहित्य, पद्धत, आलेल्या अडचणी. ती वही परीक्षक बघणार. ती मी केली आहे, निळ्या कव्हरची, अक्षर सुबक. ही दुसरी. परीक्षकांना दाखवता येणार नाहीत त्या अडचणी हिच्यात.

तर, ३० नोव्हेंबरला ठाण्यात माजिवड्याच्या हॉलमध्ये चित्रकथावाल्यांचं संमेलन आहे. लोक आवडत्या पात्रांचे वेश करून येतात, स्टेजवर चालतात, परीक्षक शिवण आणि रंग तपासतात. गेली तीन वर्षं मी प्रेक्षकांत उभी राहून दुसऱ्यांच्या मुकुटांचे जोड बघते आणि मनात मार्क कापते. या वर्षी स्वतः उतरायचं ठरवलंय. पात्र, लोहदंत. दर शुक्रवारी मोबाईलवर येणाऱ्या एका चित्रकथेतला सम्राट. लोखंडी दात, झुपकेदार मिशा, महादुष्ट. त्याला झोपेत मारायला टपलेले पुष्कळ, म्हणून तो पापण्यांवर उघडे डोळे रंगवून घेतो. झोपला तरी दरबाराला जागा वाटतो. मी त्याची बाई करणार आहे. लोहदंता. त्याची बायको नाही, बहीण नाही. तोच, पण बाई.

दात मी करीन. ठाण्याच्या डेंटल लॅबमध्ये सहा वर्षं लोकांचे दात घडवते आहे. मिलिमीटरचा दहावा भाग इकडेतिकडे झाला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही.

डोळे बाबा काढतील. त्यात विचारायचं काय? मोहन्याचा रेयॉनचा कारखाना बंद पडल्यावर बाबांनी दोन-चार धंदे करून पाहिले आणि शेवटी कल्याणला दौलतशेठच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांना लागले. अंगाचा रंग कुणीही देतं, दागिने पोरं रंगवतात. डोळ्यांची आखणी मात्र धाकूमामाची, म्हणजे बाबांची. हात कशालाही न टेकवता, एका श्वासात, एकदाच. चुकलं तरी पुसायचं नाही. डोळा पुसला की मूर्ती आंधळी होते, असं बाबा म्हणतात. अर्थात त्यांचं कधी चुकलेलं नाही.

जेवताना विचारलं. बाबा म्हणाले, "करू की. नोव्हेंबरला अजून लांब आहे."

९ ऑगस्ट

मुकुटाचा साचा कागदावर झाला. फोमची शीट आणली, काळी, सहा मिलिमीटर जाडीची.

लॅबमधल्या मंडळींना चित्र दाखवलं. सगळ्यांना एकच सुचलं, कंबर आवळ, गळा खोल ठेव, उंच टाचा घाल. नयन तर म्हणाला, "ऐशू, बाई केलीस ते कळायला नको?" नयन माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, रविवारी डोंबिवलीत मुलींना नवऱ्या करतो. म्हणजे नवरीचा मेकअप. मी त्याला म्हटलं, सम्राट कंबर आवळून सिंहासनावर बसत नाही, त्याला जेवायचं असतं. नयन हसला. मी गंभीरपणे म्हणाले होते.

आईला दाखवलं. तिचं म्हणणं, "मिशा काढल्यास, बरं केलंस. पण नथ तरी घाल." हे मात्र पटलं. दातांना लावायच्या तारेतून नथ वाकवता येईल.

१७ ऑगस्ट

गणपती दहा दिवसांवर आले आणि बाबा घरी. या दिवसांत ते उभ्या-उभ्या चार घास तोंडात टाकून कारखान्यात पळतात. यंदा खुर्चीत बसून पेपर वाचतायत. विचारलं तर म्हणाले, "दौलतने नवा पोरगा घेतला आखणीला. चांगला हात आहे त्याचा."

बारा वर्षं काम करून घेतलं आणि एक फोनसुद्धा नाही. मला दौलतशेठचा राग आला. आईला तसं म्हटलं तर ती भांडी घासत राहिली. एरवी ती दौलतशेठच्या सात पिढ्या काढायला एका पायावर तयार असते.

बाबांना हल्ली अर्धाच कप चहा मिळतो. साखरेचं म्हणे.

३१ ऑगस्ट

आज गौरी आल्या. बाबा शेजाऱ्यांच्या गौरीचे मुखवटे बराच वेळ बघत उभे होते, हात पाठीमागे बांधून. घरी येऊन स्वतःच विषय काढला.

"गणपतीचा डोळा अर्धा मिटलेला असतो गो. त्याला घाई नसते. गौर समोर बघते, पाहुणी आहे ती. नवरात्रातला असुर वर बघतो, देवीकडे. मरताना त्याला तीच दिसते. पण राक्षसीण काय माझ्याकडून कोणी करून घेतली नाही अजून."

"मग कशी काढणार?"

बाबांनी आईकडे बघितलं. ती पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती. "पुरुष रागावला की डोळा वटारतो," बाबा म्हणाले, "बाई बारीक करते. आणि ही झोपत नाही ना तुझी राणी? मग खालची कड जड पाहिजे. काजळ उतरल्यासारखी."

"झोप कुठल्या बाईला पुरते?" आई म्हणाली. "त्याला राक्षसीण कशाला व्हायला पाहिजे?"

निळ्या वहीत लिहिलं: पात्राच्या डोळ्यांचा अभ्यास केला. खरं तर मी नुसती ऐकत होते. फार छान वाटलं आज.

१४ सप्टेंबर

दात झाले. वरचे सहा, खालचे सहा, माझ्याच दातांचं माप घेऊन. धातूचा रंग तीनदा चढवला. घालून आरशात बघितलं. बोलताना स चा थोडा फ होतो, पण सम्राटांना फार बोलावं लागत नाही.

खांद्यांचं चिलखत कापायला बाबांना दिलं. दिवसभर रिकामे बसतात म्हणून. संध्याकाळी येऊन बघते तर कड करवतीच्या दातांसारखी. सरळ रेघ आखून दिली होती मी! बाबा म्हणाले, "कटर बोथट आहे तुझा." मी नवं पातं घालून दाखवलं, लोण्यासारखं कापलं. बाबा बघत राहिले आणि मग उठून खाली गेले.

शीट वाया गेली. मी ती आईला कुंडीखाली ठेवायला दिली.

२१ सप्टेंबर

बाबांना म्हटलं, पापणीवर एकदा सराव करू, रंग कातडीवर कसा बसतो ते कळेल. ते म्हणाले, उजेड बरोबर नाही. सकाळी अकरा वाजता. उत्तरेच्या खिडकीत, जिथे बसून ते आयुष्यभर पाट आणि मुखवटे रंगवत आले.

मागच्या रविवारी म्हणाले होते कुंचला सापडत नाही. कुंचला त्यांच्या डब्यात होता, मीच बघितला, खारीच्या केसांचा, टोपण लावलेला.

काहीतरी आहे. काय ते लिहून ठेवते, मनात ठेवलं तर वाढेल. महिन्याभरापूर्वी आत्येचा फोन आला होता. पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून राक्षसीण काय बनवता म्हणाली. फोन स्पीकरवर होता. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. मला वाटलं, आत्येकडे दुर्लक्ष केलं. आता वाटतंय, मनावर घेतलं.

५ ऑक्टोबर

भांडण झालं.

मी सगळी तयारी करून बसले. रंग, पाण्याची वाटी, उशी मानेखाली. बाबा आले, बसले, कुंचला उचलला, ओला केला आणि परत ठेवला. म्हणाले, "आज राहू दे."

मी म्हटलं, "बाबा, सरळ सांगा ना. मुलगी राक्षस झालेली तुम्हाला चालत नाही. गणपतीचे डोळे काढणारा हात माझ्यावर विटाळायला नको, असंच ना?"

बाबा उजवा हात मांडीखाली घालून बसले होते, लहान मुलासारखे. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, काहीतरी बोलणार होती. बाबांनी मानेनेच तिला नको म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "नाही चालत."

बरं झालं. निदान कळलं तरी. मी सगळं डब्यात भरलं आणि पाणी मोरीत ओतलं. रडले नाही. रागही नव्हता फारसा. ज्या माणसाने बारा वर्षं असुराचे डोळे इतक्या प्रेमाने काढले त्याला स्वतःच्या मुलीचे दोन डोळे का जड व्हावेत, एवढंच कळत नाही.

१७ ऑक्टोबर

बाबांशी बोलणं नाही. म्हणजे 'जेवलात का', 'दार लावा' इतकं आहे.

नयनने लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत पापण्यांवर डोळे काढून दिले. पाच मिनिटांत, सफाईदार. बुबुळात पांढरा ठिपका, वर पाच-पाच पापण्या. फोटोत बाहुली दिसते. खूप शोधूनही एक चूक सापडली नाही आणि तरी मला ते आवडेनात. नयनला म्हटलं, छान. तो ३० नोव्हेंबरला सकाळी येणार आहे.

घरी फोटो आईला दाखवत होते. बाबा मागून डोकावले. बारा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले.

"झोपलेली वाटते."

मी फोन बंद केला.

२ नोव्हेंबर

मुकुट पूर्ण. चिलखत पूर्ण. पाठीवरचा झगा आईने तिच्या जुन्या काळ्या शालूच्या काठांनी मढवला. नथ तीन तारा पिळून केली, मणी नाही, नुसता लोखंडी आकडा. ती नाकात घातल्यावर आई म्हणाली, "आता दिसते सासू."

बाबा हल्ली शर्ट घालत नाहीत, गळ्यातून घालायचे टीशर्टच घालतात. दिवाळीला घेतलेला नवा शर्ट तसाच खोक्यात आहे. मी रंग निवडला होता, म्हणून असेल. इतका राग धरतात हे मला माहीत नव्हतं.

१५ नोव्हेंबर

चिलखताचा पट्टा सुटतो. वेल्क्रो बदलला. दुसरं काही नाही.

खोटं. दुसरं आहे. दुपारी झोपेतून उठून बाहेर आले तर आई बाबांना वरणभात भरवत होती. मला बघून तिने चमचा ताटात ठेवला आणि म्हणाली, "नखुरडं झालंय बोटाला." मी हळद लावा म्हटलं आणि पाणी पिऊन परत गेले. नंतर आठवलं की कुठल्या बोटाला ते मी बघितलंच नाही.

२८ नोव्हेंबर

नयनचा फोन. रविवारची नवरी आली आहे, मुहूर्त सकाळचा, मोठं घर, नाही म्हणता येत नाही. तुळशीचं लग्न लागलं की नयन कुणाचाच नसतो, हे मला आधी कळायला हवं होतं. त्याने चार वेळा सॉरी म्हटलं. मी म्हटलं असू दे.

स्वतः करून पाहिलं. एक डोळा मिटून दुसऱ्याने आरशात बघत आपल्याच पापणीवर रेघ मारायची. जो डोळा रंगवायचा तो मिटला की पापणी आकसते, उघडला की पापणीच नाहीशी होते. तीनदा पुसलं. पापण्या लाल झाल्या.

स्वयंपाकघरात आई बाबांना हळू आवाजात म्हणत होती, "आता तरी सांगा. नाहीतर मी सांगते." बाबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. काय सांगायचं राहिलंय आता?

३० नोव्हेंबर

क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

सकाळी सात वाजता मी उत्तरेच्या खिडकीत आरसा घेऊन बसले होते. बाबा आले. हातात कुंचल्याचा डबा. समोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मीट डोळे."

मी कशाला नाही म्हणू? मिटले. आई येऊन बाजूला उभी राहिली, तिच्या बांगड्यांवरून कळलं. रंगाचा गार थेंब डाव्या पापणीवर टेकला. बाबांचा हात नेहमीसारखा अधांतरी, तोंडावर त्यांचा श्वास लागत होता. श्वास थांबला. रेघ सुरू झाली.

मला आधी वाटलं माझीच पापणी फडफडते आहे. लाज वाटली. एवढी तयारी करून ऐन वेळी पापणी स्थिर राहू नये! मी सगळा चेहरा आवळून घट्ट धरला. फडफड थांबेना. ती माझी नव्हती. कुंचला थरथरत होता. भरल्या बादलीला नळाची धार लागल्यावर पाणी थरथरतं तसा, न थांबता.

सहा वर्षं मी भिंगाखाली दातांच्या कडा बघते. हा हात चार महिने माझ्यासमोर होता.

"बाबा," मी डोळे न उघडता विचारलं, "कधीपासून?"

"माघी गणपतीपासून." रेघ चालूच होती. "एका मूर्तीचा डोळा हलला. पुसता येत नाही. दौलत रागावला नाही, उलट म्हणाला, असू दे धाकू, रंग चढल्यावर कळणार नाही. मला कळत होतं ना. ती मूर्ती मी घरी आणायला मागितली, तर कुणीतरी आधीच नेली होती. मग यंदा आखणीला मी गेलोच नाही."

म्हणजे नवा पोरगा नंतर आला. दौलतशेठवर मी फुकट चिडले होते.

"आणि मी राक्षस झालेली चालत नाही म्हणालात ते?"

"तू म्हणालीस. मी हो म्हटलं." वाटीत कुंचला ढवळत म्हणाले, "सोपं होतं गो."

डावा डोळा संपला. मला रडू येत होतं, पण मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं असतं तर रंग गेला असता, आणि आमच्याकडे पुसत नाहीत. आई म्हणाली, "रडू नको ऐशू, रडायचं ते संध्याकाळी."

उजव्या डोळ्याच्या आधी मी बाबांचा हात शोधला आणि मनगट धरलं. लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, हात हवेत ठेवायचा नाही, करंगळी कशावर तरी टेकवायची. बाबांनी उभ्या आयुष्यात हात टेकवलेला नाही, त्यांना त्याचा कोण अभिमान! मी म्हटलं, "माझ्या गालावर टेकवा."

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांची करंगळी माझ्या गालावर टेकली. ती तिथेही थरथरत होती, पण कमी. माझा गाल तिच्याबरोबर थरथरला आणि उजवा डोळा बराच सरळ आला.

आरसा बघितला. एक-एक डोळा मिटून. उजवा बारीक, खालून जड, कुणावरही विश्वास नसलेला. डावा तसाच, पण वरची रेघ दुहेरी झालेली, कडेला भुवईकडे सरकलेली. बाबा कुंचला धूत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"निघू या," मी म्हटलं. "तुम्ही दोघंही चला."

आईने खोक्यातला नवा शर्ट काढला, बाबांना घातला आणि एकेक गुंडी लावली, माझ्यासमोर.

हॉलमध्ये गर्दी होती. माझा एकशे बारावा नंबर. स्टेजच्या मधोमध जाऊन उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, एवढंच ठरवलं होतं. मिटले. मग मला काही दिसलं नाही. पुढच्या रांगेतली कुजबुज थांबली एवढं ऐकू आलं. मी ठरवल्यापेक्षा जास्त वेळ तशीच उभी राहिले, का ते माहीत नाही.

नंतर परीक्षकांच्या टेबलावर एक बाई बॅटरी घेऊन जवळ आल्या. दातांवर खूश झाल्या. नथ हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "डोळे मिटा." मिटले. बॅटरीचा उजेड पापणीतून लाल दिसला.

"डावीकडची रेघ हलली आहे. बाकी काम इतकं बारीक आहे तुमचं. पुसून परत का नाही काढलीत?"

"आमच्याकडे आखणी पुसत नाहीत," मी सांगितलं.

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी निळी वही पुढे केली. शेवटच्या पानावर सकाळीच लिहिलं होतं: डोळे, धाकू तुकाराम कदम. दुरुस्ती नाही.

नंबर आला नाही. गुणपत्रिका फोनवर पाठवली, रंगकामात दोन मार्क कमी. बाहेर बाबा भिंतीला टेकून उभे होते, नव्या शर्टात, उजवा हात खिशात न घालता. तो आपला हलत होता.

"किती कापले?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"माझे?"

"हो."

ते हसले. कितीतरी दिवसांनी. मग म्हणाले, "जागी वाटत होतीस."

१ डिसेंबर

लॅबला सुट्टी घेतली. परवा कल्याणला डॉक्टरांकडे जायचंय, मेंदूचे आहेत, नयनच्या ओळखीचे. आई सगळे जुने कागद पिशवीत भरून तयार आहे. चार महिन्यांच्या तपासण्यांचे कागद आहेत. दोघं गुपचूप जात होती, मी कामाला गेल्यावर. मला का नाही सांगितलं, तर आई म्हणाली, "ते म्हणाले, तिचा राक्षस होऊ दे आधी."

पापण्यांवरचे डोळे अजून आहेत. काल तेलाने पुसून काढ म्हणून आईने दोनदा सांगितलं. पुसवेना.

आत्ता चार वाजता आईने चहा केला. बाबांचा कप काठोकाठ भरला. मी तिच्याकडे बघितलं, तिने साखरेचं काही म्हटलं नाही. बाबांनी कप उचलला. चहा बशीत सांडला, नव्या शर्टावर सांडला, थोडा पेपरवर. मग त्यांनी उरलेला प्यायला आणि बशीतलाही प्यायला. कुणी फडकं आणायला उठलं नाही.